सेकंड शिफ्टचं ताट

"ठेव अजून एक दिवस."

इनक्युबेटरमधून जंतू वाढवायला ठेवलेली डिश काढायची, झाकण न उघडता खिडकीच्या उजेडाकडे धरायची, डावा डोळा बारीक करायचा आणि ओठ मुडपून हे चार शब्द बोलायचे. ताईंचं हे रोजचं होतं. मी शेजारी पेन उघडून उभी. खाली रिपोर्टसाठी माणूस ताटकळलेला, मालक जिन्यातून हाका मारतोय, आणि ताई डिश परत आत सरकवून दार लावून घेतायत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी जातीची उतावळी, कुकर गार व्हायच्या आधी झाकणाशी झटापट करणारी. देवाने मला नेमकं यांच्याच हाताखाली आणून टाकलं.

"अवं ताई, दिसून तर राहिलं ना," मी म्हणायची.

"तुले दिसून राहिलं. त्याले वाढू तर दे."

भिलाईहून दुर्गला जाणाऱ्या रस्त्यावर आमची लॅब. खाली रक्त-लघवीची गर्दी, वर आम्ही दोघी. कुणाला लग्नाच्या पंगतीत बाधलं, कुठल्या हॉटेलात एखादं कुटुंब आजारी पडलं, की उरलंसुरलं अन्न बाटलीत भरून आमच्याकडे यायचं. त्यात कोणता जंतू आहे ते ओळखायचं, हे आमचं काम. मोठी यंत्रं आमच्याकडे नव्हती. होते ते रंग, सूक्ष्मदर्शक, इनक्युबेटर आणि ताई.

मला शिकवताना त्यांनी सगळं घरगुती करून टाकलं होतं. "पोरी, नवीन माणूस दारात आला तं आपण काय पाहतो? तसंच." आधी रंग. काचपट्टीवरचा जंतू जांभळा राहतो की धुतल्यावर गुलाबी होतो. मग आकार. गोळे की दांडे, गोळे असतील तर घोसात राहतात की माळेत. मग हवा. ती लागते, की हवेत त्याचा जीव गुदमरतो. साखर दिली तर खाऊन आंबट करतो का. आणि शेवटचा प्रश्न त्या जरा आवाज खाली आणून विचारायच्या, "बीज धरते का?" कारण बीज धरणाऱ्या जंतूला उकळलं तरी तो मरत नाही. कवच घट्ट करून पडून राहतो आणि भांडं कोमट झालं की डोळे उघडतो.

याच प्रश्नांवर त्या माणसंही लावायच्या. मालकांना हवा सोसत नाही, चारचौघांत गप्प, पाठीमागे भराभरा वाढतात. मी "चळवळी, एका जागी न बसणारी". स्वतःला त्या गुलाबी दांडा म्हणायच्या, "जिथं तिथं सापडणारी, अन् कोनाच्या ध्यानात न राहणारी." आणि त्यांची आई?

"आई बीजवाली," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ लागला नाही.

ताईंचं लग्न झालं नव्हतं. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांत त्या आणि आई राहायच्या. वडील भंडाऱ्याकडचे, तरुणपणी इथे पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर कामाला लागले आणि इथलेच झाले. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

एकदा डबा खाताना मी त्यांना छेडलं. त्या डब्यात आणायच्या एक पोळी आणि काकडी, आणि अंगाने मात्र भरत चालल्या होत्या. "ताई, हे पोळी-काकडीचं शरीर नाई व. चोरून काय खाऊन राहिल्या?"

त्या लाजल्या. मग म्हणाल्या, "रात्री दोनदा जेवतो मी. एकदा माहं, एकदा बाबाचं."

भिलाईत ज्यांची घरं प्लांटवर चालतात, त्यांना हे ताट माहीत असतं. घरचा माणूस सेकंड शिफ्टला असला की तो दहानंतर सायकल मारत घरी येतो, तोवर बाकीची जेवून घेतात. त्याचं ताट वाढून, वर दुसरं ताट उपडं घालून ठेवतात. माझ्या आईनेही आयुष्यभर ठेवलं. ताईंच्या आईचं डोकं म्हातारपणी मागे मागे सरकत गेलं. भाऊबंद विसरली, शेजारी विसरली, नवरा गेला हेही विसरली. ताट तेवढं राहिलं. तिच्या लेखी नवरा कायमचा सेकंड शिफ्टला होता.

गॅस ताई पेटवायच्या, भाजी-वरण ताई करायच्या. भात मात्र आईच टाकायची आणि दिवेलागणीला आईच तो बाबांच्या ताटात वाढायची. सकाळी उठल्याबरोबर झाकण उचलून बघायची. ताट रिकामं असलं की दिवस सुखाचा. भरलेलं असलं की, "न जेवताच गेले व," म्हणून डोळ्याला पदर, आणि अन्न टाकू नये म्हणून तोच रात्रभराचा भात स्वतः खायची. आता तुम्हीच सांगा, दिवसभर शिळ्या भातातले जंतू रंगवणाऱ्या बाईने घरी हे कसं बघावं?

त्यांनी काय नाही केलं? ताट फ्रिजमध्ये ठेवलं, तर आईने बाहेर काढलं. "भट्टीवून आलेल्या मानसाले थंडं घालतं का?" भातात पाणी ओतून, रात्रभर आंबवून खातात ती इकडची बासी केली. लॅबची आमची आया रोज बासीच आणायची, आणि आंबट झालेल्या पाण्यात बाकीच्या जंतूंची डाळ थोडी तरी कमी शिजते, हा ताईंचा हिशेब. आई भडकली. "तुहे बाबा भंडाऱ्याचे हायेत, ते बासी खात नाई." मग ताईंनी ओलावा नसलेलं काही ठेवून बघितलं, लाह्या, गूळ, शेंगदाणे. ओल नाही तर वाढ नाही, शास्त्र पक्कं. आईने ताट सरकवून दिलं. "बारसं हाये का घरी?" शेवटी ताईंनी गुपचूप भात बादलीत टाकला. आईने सकाळी बादली बघितली आणि दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

तेव्हापासून ताई स्वतः जेवायला बसू लागल्या. वडिलांच्या वेळेला, वडिलांच्या पाटावर. पडद्यापलीकडे खाटेवर आई जागी असायची. ताटाचा आवाज, पेला ठेवल्याचा आवाज ऐकला की तिचा श्वास संथ व्हायचा.

"झोप लागते तिले मंग," ताई म्हणाल्या. "जंतू वाढायच्या आंधी मीच खाऊन टाकतो. दुसरा उपाव नाई सापडला." आणि डब्यातली काकडी माझ्यापुढे सरकवली. मी पुढे कधी त्यांच्या अंगावरून थट्टा केली नाही.

मे महिना होता. भिलाईचा मे ज्याने बघितलाय त्याला जास्त सांगायला नको, संध्याकाळीही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. दुर्गच्या पद्मनाभपुरात एका लग्नात दुपारच्या पंगतीत माव्याची मिठाई होती. संध्याकाळपर्यंत पंगतच्या पंगत उलट्या करत दवाखान्यात. त्यात लहान पोरंही होती. नमुने आले, आणखी आले, येतच राहिले. मिठाई, पनीर, भात, आचाऱ्याच्या हाताच्या जखमेवरची पट्टी. सगळं त्याच दिवशी डिशवर चढवायला हवं होतं, आणि आम्ही दोघीच.

दिवेलागणीला ताई घरी जाऊन, गॅस पेटवून, आईला जेवू घालून परत आल्या होत्या. नऊ वाजायला आले तसं त्यांचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. मी म्हटलं, "ताई, तुमी जा. मी करतो."

"एकटीनं नाई होत हे. लेकरं पडून हायेत तिकडं." त्यांनी शेजारच्या काकूंना फोन लावला. "आईले पाहून येता का जरा? हो... नाई, जेवली ती. नाई, बाकी काई नाई."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ताटाचं सांगितलं काहून नाई?"

त्यांनी हातातली जंतू उचलायची तार ज्योतीत लाल केली. मग म्हणाल्या, "काय सांगू व? माह्या मेलेल्या बापाच्या पाटावर बसून जेवून घ्या म्हनू?"

काकू जाऊन आल्या. म्हातारी खाटेवर शांत पडली होती, ओट्यावर झाकलेलं ताट होतं. त्यांनी फोन करून सांगितलं, सगळं ठीक आहे. काकूंचं काय चुकलं? ताईंचं तरी काय चुकलं? मी पुष्कळ शोधलं, मला अजून कुणी सापडलेलं नाही.

ताई घरी पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. आई पाटाशेजारी बसली होती, ताट जवळजवळ रिकामं. "न जेवताच गेले व. म्हून म्याच खाल्लं."

दुपारच्या आत उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. ऐंशीच्या घरातलं वाळकं शरीर, त्यात पाणी किती असणार? दवाखान्यात सलाइन लावली आणि आईला तिथे निजवून ताई लॅबमध्ये आल्या. हातात आमचीच निर्जंतुक बाटली, तिच्यात ताटात उरलेला चमचाभर भात.

"ताई, आता हे पाहून काय होनार हाये?"

"काई नाई होनार." त्या हातमोजे चढवत होत्या. "पन दुसरं मले काय येते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही डिश काढल्या. लग्नाच्या मिठाईतले सोनेरी, गोल ठिपके. रंगवल्यावर जांभळे गोळे, द्राक्षांचे घोस. आचाऱ्याच्या पट्टीवरही तेच. जंतू आचाऱ्याच्या जखमेतून माव्यात गेला होता. ताईंनी रिपोर्टवर सही केली. पोरं तोवर बरी होऊन घरी गेली होती, आमच्या रिपोर्टाची वाट न बघता. आमच्या धंद्यात असंच असतं, उत्तर येतं तेव्हा प्रश्न निघून गेलेला असतो.

मग भाताची डिश. अंड्याचा बलक घातलेल्या माध्यमावर मोठे, खरबरीत, राखाडी डाग, भोवती पांढरं वलय. मीसुद्धा लांबून ओळखला. ताईंनी ती उजेडाकडे धरली. डोळा बारीक केला नाही. उघड्या डोळ्यांनी नुसत्या बघत राहिल्या.

"ठेव अजून एक दिवस," त्या म्हणाल्या.

मी घेतली आणि आत ठेवली.

आई त्याच संध्याकाळी गेली. मूत्रपिंडं थांबली, डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. शुद्ध हरपायच्या आधी तिने ताईंना विचारलं होतं, "तुहे बाबा जेवले का?" ताईंनी हो म्हटलं.

कामावर परत आल्यावर त्यांनी त्या भाताची काचपट्टी रंगवली. मला बोलावून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. जांभळे दांडे, एकामागे एक, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक जागा रंग न धरलेली, कोरी.

"बीज," मी म्हणाले.

"हो," त्या म्हणाल्या. "उकळलं तरी जात नाई." आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं. पाठ तेवढी हलत होती. मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. झपाट्याने वाळल्या, डबा आणणं सोडलं. कॅम्प-१ मधलं घर बंद करून गोंदियाला बहिणीकडे गेल्या. जाताना मला त्यांची तार दिली आणि म्हणाल्या, "घाई करत जाऊ नको."

आता वरचा मजला माझ्याकडे आहे. हाताखाली एक नवीन मुलगी आहे, माझ्याहून उतावळी.

मध्यंतरी फ्रिज साफ करताना मागच्या कप्प्यात एक डिश सापडली. कडेने चिकटपट्टी घट्ट गुंडाळलेली, आत माध्यम वाळून तडकलेलं, त्यावर ते राखाडी डाग. आमच्याकडे नियम आहे, काम झालं की डिश वाफेत मारायची आणि टाकायची. तो नियम मला ताईंनीच शिकवला होता, आणि एकदा विसरले म्हणून चांगलं झापलंही होतं. बुडाला त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती. नंबर नव्हता. "भात, आईच्या हातचा."

नवीन मुलगी विचारत होती, "मॅडम, ये फेक दूँ?"

मी गॅलरीत जाऊन गोंदियाला फोन लावला. डिश सापडल्याचं सांगितलं आणि विचारलं, "ताई, काय करू?"

पलीकडे मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"ठेव अजून एक दिवस," ताई म्हणाल्या.

ती डिश अजून तिथेच आहे.