बारा साते

नव्या फ्रिजचं दार उघडलं की प्लास्टिकचा जो कोरा वास येतो, त्यानं मला साताऱ्यातलं एक दुकान आठवतं. तिथल्या दिवाळी सोडतीची बातमी करायला मी गेलो होतो. पहिलं बक्षीस, फ्रिज, सीमेवर असलेल्या एका जवानाला लागलं होतं. सुट्टीत आला असताना त्यानं तिथून मिक्सर घेतला होता. नुसत्या नशिबावर बक्षीस दिलं तर ती बेकायदा लॉटरी ठरेल, या भीतीनं दुकानाच्या वकिलानं कुपनावर अट छापायला लावली होती: विजेत्यानं महिनाभरात स्वतः हजर राहून एका गणिताचं उत्तर द्यावं. कुपन घेऊन त्याची बायको आली, तेव्हा मालक म्हणाले, “वहिनी, बारा साते किती ते तुम्हीच सांगा आणि फ्रिज न्या. जवानाला कशाला त्रास?” ती हलली नाही. “आवं, नियम हाय न्हवं? मग त्यास्नीच यायला पायजे, असं लिवून द्या की. शिक्का मारून. रजेच्या अर्जाला जोडायला धाडते.” मालक हसले, पण त्यांनी लिहून दिलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती एकटीच आली. रजा नामंजूर झाली होती. मालकांनी हळूच तेच गणित पुन्हा विचारलं. “चौऱ्याऐंशी,” ती म्हणाली, “पयल्या दिवशी बी येत हुतं मला.” माझी मुलगी आता परदेशात असते. यंदाच्या दिवाळीला येण्याबद्दल ती फोनवर “बघते” म्हणाली, तेव्हा तिला यावंच लागेल असा एखादा नियम मी मनात शोधत होतो.