वाघानं नेलेला कसा उठेल?

लक्ष्मणभाऊ दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी अंगणात उडदाच्या शेंगा वाळत घालत होते. लक्ष्मणभाऊ म्हणजे वैनगंगेवर डोंगा चालवणारे ढिवर. माझ्या यजमानांना नदीपार नेणं-आणणं वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. नदी सोडून ते इतक्या लांब आमच्या घरी कधी आले नव्हते. हे तेव्हाच मनात यायला हवं होतं, पण आलं नाही.

“मास्तर गेले जी, बाई,” ते म्हणाले.

“कुठे गेले? अहेरीकडे, का पुढे सिरोंच्याला?” मी शेंगा पसरत पसरतच विचारलं.

त्यांनी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडून हातात घेतला. “तसे नाई, बाई… तापानं गेले. जंगलातल्या टोल्यावर. मातीबी झाली.”

माझे यजमान, शमुवेल मास्तर, असे गेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत आणि मीही मास्तरच म्हणत असे, कारण लग्न झालं तेव्हा ते मिशनच्या शाळेत शिकवत होते. पुढे ते सुवार्तिक झाले. म्हणजे प्रभू येशूची गोष्ट सांगत गावोगाव पायी फिरणारा माणूस. मी अहमदनगरकडची, ते इथलेच, झाडीपट्टीतले. लहानपणीच आईबाप पटकीनं गेल्यावर मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. प्रार्थनेला उभे राहिले की त्यांची मराठी थेट पुस्तकातली असे, आणि घरात पाऊल टाकलं की “राहेल, तू काऊन उपाशी बसून राह्यली?” आम्ही गोंडपिपरीच्या बाजूला एका खेड्यात राहत होतो. नदीपलीकडच्या जंगलातले टोले, म्हणजे पाच-दहा झोपड्यांच्या वस्त्या, त्यांच्या वाट्याला आलेले. पावसाळा उतरला की ते निघत, आठवड्या-पंधरवड्यानं परत येत. या खेपेलाही तसेच गेले होते.

वाचकांपैकी पुष्कळांना आमच्या धर्मातली ही गोष्ट ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मास्तरांचा आवडता विषय एकच होता, मेलेल्यांचं उठणं. पवित्र शास्त्र सांगतं की मेलेला माणूस संपत नाही, तो झोपी जातो. शेवटल्या दिवशी हाक येईल आणि कबरांतले सगळे ती ऐकून बाहेर येतील. नुसता आत्मा वाऱ्यावर फिरत राहील असं नव्हे, शरीरच उठेल, पण न कुजणारं, न थकणारं. आणि हे खरं कशावरून, तर एक जण आधीच उठला आहे, हातांवरच्या खिळ्यांच्या वणांसकट. हे सांगताना मास्तर स्वतःचे तळहात पुढे करत. टोल्यावरचे लोक, ज्यांचे देव वेगळे, ज्यांची पितरं वेगळी, ते त्या तळहातांकडे वाकून बघत.

एकदा मीही बरोबर होते. टोल्यावर सोमारीबाई नावाची एक गोंड म्हातारी होती. बांबू तोडायला गेलेल्या तिच्या तरण्या मुलाला वाघानं नेलं होतं. गावानं रान पालथं घातलं, तेव्हा कुऱ्हाड सापडली आणि धोतराची एक चिंधी. मास्तरांचं बोलणं संपल्यावर ती मागून उठून पुढे आली.

“मास्तर, ज्याले माती भेटली तो उठन, मानलं. ज्याले वाघानं खाल्लं तो कसा उठन? वाघाच्या पोटातून?”

कुणी हसलं नाही. मास्तर त्या दिवशी उत्तर न देताच परतले. आणि पुढच्याच आठवड्यात, जायचं काही कारण नसताना, तेवढ्या एका उत्तरासाठी पुन्हा नदी ओलांडून गेले. काय सांगितलं ते त्यांनी मला आल्यावर जसंच्या तसं ऐकवलं. “मी म्हणलं, बाई, देवानं पह्यला माणूस केला तवा त्याच्यापाशी काय होतं? मातीच ना? तुमच्या पोराचं एकही हाड त्याले लागत नाई. नाव पुरते. तं म्हणे, नाव मले याद हाय. मी म्हणलं, मंग त्यालेबी याद हाय.” सोमारीबाईनं बाप्तिस्मा कधी घेतला नाही. आपल्या पेनांपुढे, म्हणजे गोंडांच्या देवांपुढे, ती आजही मोहाची फुलं ठेवते. पण मास्तर टोल्यावर असले की जेवण तिच्याकडेच.

मग आमची रूथ गेली. आमचं एकुलतं लेकरू, नुकती पाटीवर नाव लिहायला लागलेली. हिवताप डोक्यात गेला. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, ती वाटेतूनच परत वळवावी लागली. मास्तरांनी कितीतरी जणांना माती दिली होती, पण लेकीच्या कबरेवर उभे राहून ते शब्द वाचायची वेळ आली तेव्हा “झोपी गेलेल्यांविषयी” एवढं म्हणून त्यांचा आवाज बसला. पुढचं कुणीच वाचलं नाही. लोकांनी माती लोटली…

त्या दिवसांत मी त्यांना फार छळलं. दिसतील तिथे विचारायची, “ती आत्ता कुठे आहे?” त्यांना शास्त्र तोंडपाठ. एकीकडे लिहिलंय की मेलेले शेवटल्या दिवसापर्यंत झोपलेले असतात. दुसरीकडे, वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या चोराला येशू म्हणाला की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. “मग यातलं खरं काय ते सांगा. रूथ झोपली आहे, का पोचली आहे? झोपली असेल तर मधेच जाग आली तिला, तर? तिला अंधार सहन होत नाही, तुम्हाला माहीत आहे!” मी ओरडले होते. मास्तर ओसरीवर बसलेले. मग म्हणाले, “मले नाई माहीत, राहेल. मले वाटत होतं, मले माहीत हाय.”

त्यानंतर पुष्कळ काळ ते पुनरुत्थानावर बोललेच नाहीत. येशूनं आजाऱ्यांना बरं केलं त्या गोष्टी सांगत, मेंढपाळाची सांगत, हरवलेल्या मुलाची सांगत. उठण्याची नाही. दुपारी शाळेच्या मागच्या वाटेनं रूथच्या कबरेपाशी जाऊन बसत. पुस्तक मांडीवर, मिटलेलं. एकदा मी त्यांना जेवायला बोलवायला गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “दोस्त लाजर मेला तवा येशूले माहीत होतं का आता आपण त्याले उठवनार. तरी रडला. काऊन रडला असन?” मी त्यांच्याजवळ मातीत बसले. भात घरी निवून गेला.

हळूहळू ते पुन्हा बोलू लागले. आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या सुमारास. पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. पूर्वी ते सांगत, आता मागितल्यासारखं बोलत. ऐकणाऱ्यांना कदाचित फरक कळला नसेल. मला कळत होता.

ते शेवटचे निघाले त्या सकाळी मी त्यांच्या झोळीत क्विनीनच्या गोळ्या आणि भाकरी बांधत होते, आणि का कोण जाणे, त्या सात भावांची गोष्ट निघाली. एका बाईचा नवरा मेला, रीतीप्रमाणे धाकट्या दिरानं तिच्याशी लग्न केलं, तोही मेला, असे सातही मेले. मग उठल्यावर ती कुणाची बायको? लोकांनी येशूला अडवायला विचारलं होतं. तो म्हणाला, तिथे कुणी लग्न करत नाही, करून देत नाही. “मग मी तुमची कुणीच नाही का तिथे?” मी हसतच विचारलं होतं. मास्तर चपला घालत होते. म्हणाले, “वळखीन ना मी तुले. तेवढं बस नाई का?” मी म्हटलं, “नाही, बस नाही.” ते हसले, झोळी घेतली आणि निघाले.

आता ते हसणं आठवलं की जीव घाबरा होतो. मला ओळख नको आहे. मला माझा माणूस हवा आहे. उडदाची डाळ आवडणारा, झोपेत दात खाणारा, माझ्यावर रागावला की एकदम पुस्तकी मराठी बोलणारा. उठलेल्या त्या तेजस्वी देहात हा माणूस असणार आहे का? शास्त्रात शोधलं. ते सांगत नाही. आणि ज्यांना विचारायचं ते तर…

लक्ष्मणभाऊंनी मला त्याच डोंग्यातून पार नेलं. पाणी अजून गढूळ होतं आणि ओढ जबर. पुढची वाट चिखलाची, सागाच्या रानातली. टोल्यावर पोचले तेव्हा मातीवर पाऊस पडून गेला होता आणि ढिगारा बसायला लागला होता. मी चेहरासुद्धा पाहिला नाही. गावच्या पाटलानं हात जोडले. “ठेवता येत नवतं, बाई. उकाडा होता. तुमचा मंत्र आमाले येत नाई, म्हून कोनी काई म्हतलं नाई.” ज्यानं शेकडो कबरांवर उठण्याची वचनं वाचली, त्याच्या कबरेवर एक अक्षर वाचायला कुणी नव्हतं.

सोमारीबाईच्या झोपडीतच त्यांनी प्राण सोडला होता. मी तिला विचारलं, शेवटी काय म्हणत होते? मला वाटलं होतं, एखादं वचन असेल, एखादी प्रार्थना.

“भेऊन राह्यले होते, बाई.”

“मास्तर?”

“व्हय. लय भेले. माहा हात सोडत नवते. मले म्हणे, सोमारीबाई, तुमचा पोरगा उठन ना? मी म्हणलं, तुमीच तं सांगलं होतं जी. तं म्हणे, पुन्हा सांगा. मी सांगलं, उठन. थोड्या वेळानं आणखी, पुन्हा सांगा. मी सांगत राह्यली. नाव याद हाय त्याले, हाडं लागत नाई, उठन… सांगता सांगता हात थंडा झाला.”

मी कबरेपाशी गेले. प्रार्थना करायला गुडघे टेकले. एकच विचार डोक्यात थैमान घालत होता. रूथ नदीच्या त्या अंगाला, आमच्या गावात. हे इथे, रानात. शेवटल्या दिवशी ती उठेल तेव्हा आजूबाजूला बघेल, आणि बाप दिसणार नाही. हे उठतील ते अनोळखी पितरांच्या मधे, एकटे. मला कळत होतं की हा वेड्यासारखा विचार आहे. पण तो मी मोठ्यानं बोलून गेले असणार, कारण मागे उभी असलेली सोमारीबाई म्हणाली, “इथून चालत जातीन मास्तर. वाट तं माहीतच हाय त्याईले. एवढ्या खेपा केल्या.”

मी तिचा हात धरला. म्हटलं, “सोमारीबाई, मलाही सांगा. त्यांना सांगितलं तसं.” ती संकोचली. “तुमी मास्तरची बाई, तुमाले मी काय सांगू?” मी म्हटलं, “मला येत नाही. सांगा.” मग ती माझ्याशेजारी खाली बसली आणि सांगू लागली, मास्तरांचेच शब्द, मोडके, मधे मधे गोंडीत जाणारे. मी ऐकत राहिले. माझा विश्वास बसला असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. तिला थांबू मात्र दिलं नाही.

पाटलानं विचारलं, आमच्या रीतीनं दगड उभा करू का? मी हो म्हटलं. आमच्या काही मंडळींना ते रुचलेलं नाही. देह उकरून गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात आणावा, असंही सुचवून झालं. मी नको म्हटलं. ज्या लोकांनी चिखलात खड्डा खणून त्यांना निजवलं, त्यांच्या हातून त्यांना परत काढून आणणं मला जमणार नाही. दगड उभा आहे. त्याच्यावर नाव नाही, टोल्यावर लिहिणारं कुणी नाही. सोमारीबाई म्हणते, आपल्याले याद हाय ना.

काही आठवडे झाले. घरात त्यांची फारशी वस्तू नाही. चपला आणि झोळी त्यांच्याबरोबरच राहिल्या, पुस्तक शाळेनं नेलं. राहिली आहे ती एक सवय. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते न सांगता मागून आले आणि चुलीपुढे दचकून मी हात भाजून घेतला. तेव्हापासून घरात शिरण्याआधी ते फाटकाशी थांबून खोकत. पुढे तो खोकला ऐकू आला की मी उठून पाणी घेऊन जायची. बोलावं लागत नसे.

परवा दुपारी तांदूळ पाखडत होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना ठसका लागला असावा. मी सूप खाली ठेवलं, तांब्या भरला आणि फाटकापर्यंत गेले. वाटेवर ऊन होतं, नदीकडे जाणारी चाकोरी होती, आणि कुणी नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. मग तांब्या तिथेच फाटकाच्या खांबावर ठेवला आणि परत येऊन तांदूळ पाखडायला बसले.