पिन लावलेल्या खिशातली अंगठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. अक्कलकोटला मठात डोकं टेकवतानाही नाही — तिथेही मी धंद्याचंच मागत आले. आज सांगतेय ते गेल्या महिन्यात अंगठीच्या दुकानात एक वाक्य ऐकलं म्हणून.

आधी मी कशी आहे ते सांगते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. माग माझे यजमान बघतात, व्यवहार मी. सूत विकणारा असो की टेम्पोवाला, माझ्यासमोर भाव सांगायच्या आधी पाणी मागतो. डोकं तापलं की समोर कोण आहे ते मी बघत नाही. एका शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा दुमडत हे सगळं उभं केलं. कुणी काही दिलं नाही.

कुणी काही दिलं नाही — असं मी नेहमी म्हणते. ते खरं नाही.

लग्नात माझ्या वडिलांनी यांना सोन्याची अंगठी घातली होती. हे तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर होते. मागावरचा माणूस पाळीला उभा राहायच्या आधी अंगठी काढून ठेवतो. मशीनमध्ये अडकली तर बोटच जातं. हे ती शर्टाच्या खिशात टाकायचे आणि खिशाच्या तोंडाला सेफ्टी पिन लावायचे. पाळी संपली की पिन काढून अंगठी परत बोटात. रोज.

मला तेव्हा दुसरं शिलाई मशीन हवं होतं, जुनं का होईना. मी म्हटलं, अंगठी मोडू, पुढे करू की दुसरी. माझ्या वडिलांना हे मामा म्हणायचे. हे म्हणाले, मामांनी घातलेली आहे, मोडायची नाही. थोरले दीर तिथेच बसले होते. ‘फडकी शिवून कोण मोठं झालंय गं?’ म्हणाले आणि हसले. हे गप्प बसले. सासऱ्याच्या अंगठीचा मान ठेवणारा माणूस बायकोचा मान जाताना गप्प बसतो? ते हसू मला अजून डाचतं. खोटं कशाला बोलू — आत्ता लिहितानाही डोकं तापलंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे पाळी करून तापानं फणफणत घरी आले. शर्ट काढून तसेच आडवे झाले. मी शर्ट धुवायला घेतला. खिशाला हात लागला. आत अंगठी होती आणि पिन जागच्या जागी होती.

ऐकताय ना? पिन लावलेली होती. ती लावायला ते विसरले नव्हते.

मी पिन उघडली. अंगठी काढून घेतली. पिन बांगडीत अडकवली — आम्हा बायकांच्या बांगडीत दोन-तीन पिना असतातच, एखादी जास्त झालेली कुणाला दिसते? शर्ट बादलीत बुडवला. अंगठी सोनाराकडे गेली आणि मशीन घरात आलं. व्यापाऱ्यानं हप्त्यावर दिलं, असं सांगितलं.

ताप उतरल्यावर यांनी खिसा चाचपला. ‘पिन लावली होती की मी,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘शर्टाला पिन नव्हतीच.’

एवढंच वाक्य. त्यामानानं चोरी लहान होती — नाही का?

मागाखाली सुताचा भुगा साठतो, तो पोत्यांत भरून बाहेर ठेवलेला असतो. यांनी ती पोती उन्हात पालथी केली आणि मूठ मूठ करून हातानं चाळली. केसांत, भुवयांवर, कानांत पांढरी रुई घेऊन घरी यायचे. मी डोक्यावरून टॉवेल फिरवून ती काढायचे. मायेनं. हो, तेव्हाही माया होतीच. हातात टॉवेल, तोंडात ते खोटं आणि पोटात माया — हे तिन्ही एकाच बाईत कसं राहतं, मला अजून कळलेलं नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण मी सौदा करणारी बाई. हाती आलेली वस्तू वापरल्याशिवाय सोडते होय? पुढे घरात काहीही वाद निघाला — जागा घ्यायची की नाही, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं — की मी म्हणायचे, ‘ज्याला अंगठी सांभाळता आली नाही, त्यानं मला शिकवू नये.’ हे माघार घ्यायचे. दर वेळी. एकदा मी माझ्या वडिलांसमोरही तेच बोलले. हे उठून वडिलांच्या पाया पडले. वडील म्हणाले, ‘जाऊ द्या हो, माणूस धड हाय न्हवं?’ वडील आता नाहीत.

हळूहळू हे स्वतःच म्हणायला लागले, ‘नसंल लावली मी पिन.’ आता दाराला कुलूप लावलं की अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन ओढून बघतात. गॅस बंद केला का, हे मला विचारतात. स्वतःच्या हातांनी केलेल्या कामावरचा भरवसा — तो मी काढून घेतला.

गेल्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मी म्हटलं, तुम्हाला अंगठी घेऊ. ‘सोनं नको,’ म्हणाले, ‘दुसरं कायतरी टिकाऊ बघ.’

दुकानातल्या मुलीनं तीन धातू पुढे ठेवले. स्टील — साधं, स्वस्त. टायटॅनियम — मजबूत, आणि इतकं हलकं की बोटात काही आहे हे विसरायला होतं. टंगस्टन — काळपट, ओरखडा उठत नाही. पण मोठी-लहान करता येत नाही, आणि बोट सुजलं तर पक्कडीनं फोडूनच काढावी लागते. माझ्या मनानं टायटॅनियम घेतलं होतं. यांनी टंगस्टनची उचलली, तळहातावर वर-खाली केली.

‘ही द्या. जड हाय लई. हातातनं गेली तर कळंल.’

‘पण काका, फरशीवर आपटली तर तडकते हां.’

‘पडू देत न्हाय. आधीची सोन्याची हरवलीय माझ्याकडनं. मी हरवणारा माणूस हाय.’ आणि हसत माझ्याकडे बोट केलं. ‘हिला विचारा की.’

मी भाव पाडत होते. मुलगी माझ्याकडे बघत होती. तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही? मी मान हलवली. हो म्हणून.

मालक झाले तरी हे मागापाशी जायचे थांबत नाहीत. त्यामुळे नवी अंगठीही रोज काढावी लागते. काल सकाळी युनिटमध्ये पोचल्यावर ती खिशात टाकली आणि खिसा माझ्यापुढे धरला. ‘तूच लाव बाई. माझं काय खरं न्हाय.’

मी बांगडीतली एक पिन काढली. खिशाला लावली, दाबून बसवली.

‘लागली?’

‘लागली.’

खिसा पुन्हा न चाचपता ते निर्धास्त मागाकडे गेले.