कापडी झोळीतली मापं

आमच्या संत तुकाराम नगरात समुद्राशी कुणाचा काही संबंध नव्हता. वडील कंपनीत, शेजारचे काका दुसऱ्या कंपनीच्या टूलरूममध्ये. मी मात्र पुण्याच्या कॉलेजात पाकट माशांवर संशोधन करत होते. पाकट म्हणजे सुपासारखा चपटा, शेपटीवर विषारी काटा असलेला मासा. ‘तुमची मुलगी दर महिन्याला कोकणात जाते तरी कशाला?’ असं कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, आणि आई मला.

पहिल्याच खेपेला रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात त्या जाळ्यात, एक मोठी मादी आली. माझ्या मार्गदर्शक सरांना फॉर्मॅलिनच्या बरणीसाठी नमुना हवा होता. मी तिला वाळूवर ओढून मोजायला घेतलं, तर तिच्या पोटातून दोन अर्धवट वाढलेली पिल्लं बाहेर पडली.

“घाबरल्या की पिल्लं टाकतात, ताई,” रापणीचा म्होरक्या म्हणाला. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं. पिल्लं हलायची थांबेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

त्यानंतर मी ठरवलं, मारायचं नाही आणि पाण्याबाहेर काढायचं नाही. शेजारच्या काकांनी मला कॅनव्हासची झोळी करून दिली, दोन बाजूंना दांडे, आतल्या कापडावर शाईने आखलेले सेंटिमीटर. गुडघाभर पाण्यात झोळी धरायची, रापणीत आलेला मासा आत घ्यायचा, काट्यावर ओलं फडकं टाकायचं, माप वाचायचं आणि सोडून द्यायचं. म्होरक्याला हे मुळीच पटेना. “सरकारनं पाठवलंय ना तुम्हाला? उद्या रापणीवर बंदी आणाल,” असं तो तोंडावर म्हणायचा. मग मीही त्याच्यावर नजर ठेवू लागले. मी सोडलेले मासे किनाऱ्याच्या पुढच्या वळणावर हाच पुन्हा धरत असेल, असं मला वाटायचं.

वर्षभराने सरांनी माझी वही चाळली. “मापं आहेत, मासा एकही नाही. घरी बसून लिहिलीत का?”

माझे कान तापले. “तुम्ही या सर, आणि स्वतः मोजा.”

ते खरंच आले. स्वारगेटपासून एसटीत शेजारी बसले, पोलादी टेप मांडीवर ठेवून. त्यांना पाहून म्होरक्या मला हळूच म्हणाला, “साहेब आणलात अखेर.”

पाण्यात उभं राहून मी झोळीतलं माप वाचलं. सरांनी टेप लावली. त्यांचं माप कमी भरलं. दुसरा मासा, तेच. तिसऱ्यालाही तेच. सर माझ्याकडे बघत राहिले आणि मला माझ्याच वहीचा संशय यायला लागला.

“झोळी द्या,” ते म्हणाले. त्यांनी टेप कापडावरच्या रेघांना लावली. कॅनव्हास भिजून आकसला होता. काकांनी रेघा आखल्या होत्या कोरड्या कापडावर. वर्षभर मी प्रत्येक मासा होता त्याहून मोठा लिहीत आले होते.

“केव्हा किती आकसलं कुणास ठाऊक, सगळं खोडावं लागेल,” मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं.

“खोडा. पण खोटं लिहिणाऱ्याची चूक इतकी एकसारखी येत नाही.” एवढं बोलून ते फुटाण्याची पुडी घ्यायला गेले. माफी त्यांनी मागितली नाही. काकांना कळल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. मग त्यांनी झोळीत ॲल्युमिनियमची पट्टी बसवून दिली आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पदवी मिळायला मैत्रिणींपेक्षा दोन वर्षं जास्त लागली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मिटून विचारलं, “सोडलेले मासे जगले कशावरून?”

मी म्हणाले, “माहीत नाही. पोहत गेले, एवढंच पाहिलं.”

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तो प्रश्न मला आजही सोडवता आलेला नाही.