बावीस टेराफ्लॉप आणि वर्षाताईंची झाडं

"भाऊ, झाडं लावले का पीसी बंद पडून राह्यला," वर्षाताई फोनवर म्हणाल्या.

वर्ध्यात माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. पंखे दुरुस्त करता करता उभं केलेलं, कोणाच्या बापाची मदत न घेता. पीसी बंद पडण्याची कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. उंदीर, पाल, लोडशेडिंग, झाडू मारताना ओढली गेलेली वायर. झाडं हे कारण नवीन होतं.

"कुठं लावले झाडं?"

"स्क्रीनवर, भाऊ. लेआउटमधी."

वर्षाताई सिंदी रेल्वे या गावच्या. घरी भाजीपाल्याची शेती. त्या थ्रीडी डिझाइन करतात, म्हणजे अजून न बांधलेलं घर व्हिडिओत फिरून दाखवतात. नागपूरच्या एका बिल्डरने त्यांना ट्रायल दिली होती. बाग आणि रस्त्यांसह अख्ख्या लेआउटचा, म्हणजे नव्या वसाहतीचा, व्हिडिओ सोमवारी सकाळी द्यायचा. पसंत पडला तर वर्षभराचं काम. याच भरवशावर त्यांनी सावंगीची चांगली नोकरी सोडली होती. आज गुरुवार होता आणि पीसी मी दिलेला होता.

आठवड्यापूर्वी त्या वडिलांसोबत दुकानात आल्या होत्या. ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं, हा प्रश्न होता. काउंटरवर मी दोन कार्डांचे डबे ठेवले. एक नवं, दुसरं थोडं जुन्या पिढीचं. मग कागद घेऊन हिशेब समजावला. हा माझा आवडता कार्यक्रम.

ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे कोअर असतात. कापूस वेचायला लावलेल्या बाया समजा. क्लॉक म्हणजे त्यांच्या हाताचा वेग. प्रत्येक ठोक्याला एक कोअर दोन गणितं करतो, कारण बाई दोन्ही हातांनी वेचते. कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन. उत्तर येतं टेराफ्लॉपमध्ये. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. नवं कार्ड बावीस, जुनं तेरा. याला सैद्धांतिक कामगिरी म्हणतात. म्हणजे एकाही बाईने पाणी प्यायला उठायचं नाही आणि शेजारणीशी बोलायचं नाही, असं धरून काढलेला आकडा. हे शेवटचं मी सांगितलं नाही.

"पण भाऊ, मले मेमरी जास्तीची पाहिजे," वर्षाताई म्हणाल्या.

आता हा शब्द समजून घ्या. आमच्याकडे मोबाइल भरला की मेमरी फुल झाली. पेन ड्राइव्ह पाहिजे असेल तरी लोक मेमरी मागतात. दिवसातून दहा जण माझ्याकडे मेमरी मागतात आणि त्या प्रत्येकाला फोटो ठेवायला जागा हवी असते. मी हसलो.

"मेमरीचं टेन्शन नका घेऊ ताई. दोन टीबीची डिस्क टाकून देतो. भाजीवर सांबार देतात ना, तशी. फुकट."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वर्षाताईंच्या वडिलांना हे फार पटलं. ते स्वतः बाजारात बसणारे. "मंग द्या," ते म्हणाले. वर्षाताईंनी परत तोंड उघडलं. त्या काही बोलण्याआधी मी बिल काढलं.

एवढी घाई काऊन? कारण ते नवं कार्ड मी नागपूरच्या एका होलसेलरशी भांडून आणलं होतं. तो म्हणाला होता, "वर्धा में ये कौन लेगा? छोटावाला ले जाओ." माझं डोकं फिरलं. तासभर घासाघीस करून मी मोठंच कार्ड जवळपास छोट्याच्या भावात आणलं. ते वर्ध्यात विकून दाखवणं, हा माझ्यासाठी धंदा राहिला नव्हता.

तर गुरुवारी मी तडक सिंदीला गेलो. जाताना चूक कोणाची हे ठरवून गेलो होतो.

"तुमच्या घरची लाइन खराब आहे," मी दारातूनच म्हणालो. "विहिरीची मोटर याच लाइनवर असन."

"मोटर सकाळपासून बंद आहे," वर्षाताईंचे वडील म्हणाले.

"मग सॉफ्टवेअर चोरीचं असन."

"पावती दाखवू?" वर्षाताईंनी विचारलं.

त्यांनी फाइल उघडली. नुसती घरं होती तोवर कार्ड घोड्यासारखं पळालं. मी वडिलांकडे विजयी नजरेने पाहिलं. मग त्यांनी बाग लावली. आंबा, गुलमोहर, कडुनिंब, पानापानासकट. स्क्रीन थबकली आणि एक चौकट आली.

"वाचा भाऊ," वर्षाताई म्हणाल्या.

आउट ऑफ मेमरी.

"कसं शक्य आहे? दोन टीबीची डिस्क आहे!" असं म्हणून मी डिस्क उघडून दाखवली. ती जवळजवळ रिकामी होती. तिच्याकडे बघत असतानाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"डिस्कची नाई भाऊ. कार्डाची मेमरी. दुकानात तेच तर म्हणत होती मी."

"तुमी तिले बोलू कुठं देल्लं?" वडील म्हणाले.

कार्डाला स्वतःची मेमरी असते. चित्रातलं सगळं सामान काम चालू असताना तिथे मावावं लागतं. नव्या कार्डाची होती आठ जीबी, जुन्याची बारा. बाया कितीही चपळ असोत, गोळा केलेला कापूस ठेवायला खोली लहान असेल तर त्या करणार काय? स्पेसिफिकेशनच्या कागदावर ही ओळ छापलेली होती. दुकानात हिशेब समजावताना मी तिच्यावर चहाचा कप ठेवला होता.

"झाडं कमी केले तर?" मी हळूच विचारलं.

"बिल्डरले बागच विकायची आहे, भाऊ."

दुकानातलं जुनं कार्ड मधल्या आठवड्यात विकलं गेलं होतं, म्हणून शुक्रवारी सकाळी मी नागपूरला त्याच होलसेलरपुढे उभा राहिलो. डबा उघडलेला, कार्ड वापरलेलं.

"बदलके क्या दूँ?"

"बारा जीबीवाला."

"वो छोटावाला? जो मैं दे रहा था?" त्याने आतून दोघांना बाहेर बोलावलं आणि माझ्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणून घेतलं. मग वापरलेल्या कार्डाचा भाव सांगितला. तो भाव नव्हता, अपमान होता. मी म्हणालो, "ठीक आहे."

तो घाबरला. "भाई, तबियत ठीक है ना?"

दुपारी मी सिंदीत कार्ड बसवलं. आंबा उभा राहिला, गुलमोहर उभा राहिला, अख्खी बाग उभी राहिली. पीसी चालू होता. मात्र काम सावकाश चाललं होतं, कारण तेरा म्हणजे तेराच. बावीसच्या कार्डात मावलं असतं तर जे पटकन उरकलं असतं, त्याला शनिवार आणि अख्खा रविवार लागला. माझ्यामुळे वाया गेलेला गुरुवार हाताशी असता तर वर्षाताईंना संध्याकाळच्या उजेडातली बागही दाखवता आली असती. तसं त्यांनी मला दोनदा सांगितलं. व्हिडिओ सोमवारी वेळेत गेला. वर्षभराचं काम त्यांना मिळालं.

होलसेलरवरचा माझा राग गेलेला नाही, वाढला आहे. त्याने छोटं कार्ड सुचवलं ते मेमरी बघून नव्हे, वर्ध्याचं नाव ऐकून. चुकीच्या कारणाने बरोबर निघालेल्या माणसाला माफ करणं मला जमत नाही. वर्षाताईंचं न ऐकता मीही त्यांचं गावच पाहिलं होतं, हे मी त्याला सांगणार नाही.

आता गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, स्क्रीनवर काय काय ठेवणार? मग गप्प बसतो. बहुतेक जण म्हणतात, "काही नाई भाऊ, बिलं काढाची आहेत." त्यांना कार्ड लागतच नाही, हे मग सांगावं लागतं. धंदा थोडा बसला आहे.