तेरावा आंबा

मे महिन्याचा दुसरा रविवार. द्यायचे राहिले होते सहाशे रुपये. हजर: शिकवणाऱ्या बाई, पाच-सहा मुलं, त्यांचे पालक, माझी अकरा वर्षांची मुलगी आणि मी.

आमच्या आळीतल्या या बाई सुट्टीत स्वतःच्या पडवीत मुलांना कॉम्प्युटरवर गेम बनवायला शिकवतात. सूचनांचे रंगीत ठोकळे स्क्रीनवर एकाखाली एक जोडले की चित्रं हलायला लागतात. फी बाराशे. निम्मी आधी, निम्मी शेवटच्या दिवशी.

मुलीच्या गेममध्ये झाडावरून आंबे पडायचे, ते टोपलीत झेलायचे. त्या सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी घरी तिच्या लॅपटॉपवर खेळून पाहिलं. तेरा आंबे झेलले, आकडा बाराच. पुन्हा खेळलो, पुन्हा बाराच. मी पतपेढीत हिशेब तपासतो. चुकीचा आकडा मला बघवत नाही. 'बारा झाले की पुढचा एक मोजायचा नाही' असा अर्थ होणारा ठोकळा सापडला. तो काढून टाकला. तिला सांगितलं नाही.

वर्गाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी बाईंच्या पडवीत ती त्याच लॅपटॉपवर सगळ्यांसमोर खेळायला लागली. आकडा तेरा झाला तशी थांबली आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

मी बाईंना म्हणालो, "उरलेले सहाशे मी देणार नाही. मोजणीतली चूक तुमच्या लक्षात आली नाही. मी सकाळी काढली."

"चूक नव्हती, बाबा," मुलगी म्हणाली. "आई डझनावर एक देते ना, तो होता."

आमच्या चार कलमांचे आंबे बायको दारातच विकते. प्रत्येक डझनावर एक वर घालते, त्याचे पैसे धरत नाही. वीस वर्षं मी ते बघतोय.

मागून एक पालक म्हणाले, "अहो, तेरावा गिऱ्हाइकाचा. घरात तरी विचारायचंत."

सगळे हसले. मुलगी हसली नाही.

बाई हळूच म्हणाल्या, "हे मी शिकवलं नव्हतं. चार दिवस बसून तिचं तिने जमवलं."

मी ठोकळा परत लावायला पुढे झालो.

"तुम्ही हात लावू नका," मुलगी म्हणाली.

तिला तो कुठे होता ते चटकन आठवेना. इतर मुलांचे गेम झाले, पालक गेले, तरी ती जोडून बघत होती. मी शेजारी हात मांडीवर ठेवून बसलो. शेवटी तेरावा आंबा टोपलीत पडला आणि आकडा बारावर राहिला. पाहायला बाई आणि मी, दोघंच होतो.

सहाशे रुपये बाईंना दिले. नाही म्हणालो होतो सगळ्यांसमोर. दिले तेव्हा पडवीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.