आत्याचं पंपिंग

वाडीतले ट्रक ड्रायव्हर ट्रॅफिक पोलिसाला भीत नाहीत, पण आमच्या आत्याला भितात. अमरावती रोडच्या कडेला, गोदामांच्या रांगेत तिचं ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून एकटीच मशीन चालवते. फाटकी ताडपत्री बांधून कुणी माल घेऊन निघाला, की ही रस्त्यात उभी. "भिजलेलं धान्य कोन खाईन, तू?" असं विचारून ट्रक थांबवायचा आणि शिवून दिल्याशिवाय हलू द्यायचा नाही. पाहुणा आला, तर त्यालाही चहाआधी ताडपत्रीचं एक टोक धरावं लागतं.

अशा बाईची गेल्या वर्षी बायपास झाली. ऑपरेशन नीट झालं, पण घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, हृदयाचं पंपिंग तीसच टक्के आहे. साठच्या आसपास हवं."

"मंग बाकीचं काय करून राहिलं?" आत्यानं विचारलं.

डॉक्टर हसले. पुण्याहून आलेला तिचा मुलगा मात्र हसला नाही. दुकान बंद करून आईला सोबत न्यायचं त्यानं ठरवलं होतं, आणि त्याचंही चुकत नव्हतं. आत्यानं त्याच्याकडून तीन महिने मागून घेतले. तेव्हाच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग वाढलेलं नसेल, तर ती मुकाट्यानं पुण्याला जाणार. देखरेखीला नेमणूक माझी, भाच्याची.

खोकताना टाक्यांना आधार म्हणून छातीशी उशी धरायला सांगितली होती. आत्यानं ती निळ्या ताडपत्रीची शिवली. "धुवाले बरी." मीठ कमी करायचं, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यालाही अळणी पिठलं, माझंच ब्लड प्रेशर उतरलं. चालायचं होतं, पण रस्ता ट्रकांचा. म्हणून ती शेजारच्या गोदामात, पोत्यांच्या थप्प्यांमधून चालायची. पहिल्या दिवशी एका थप्पीपर्यंत, मग दोन, मग अख्खं गोदाम. ती आली की हमाल पाठीवरच्या पोत्यासकट बाजूला सरायचे.

सहाव्या आठवड्यात ती अर्ध्या फेरीतच पोत्यावर बसली. धाप थांबेना, पाय सुजलेले. तसाच ऑटो करून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध बदललं, दिवसाचं पाणी मोजून दिलं आणि चार दिवस चालणं बंद केलं. परतताना आत्या बाहेर पाहत होती. पहिल्यांदाच मला ती म्हातारी दिसली. मुलाला सांगू नको म्हणेल, असं वाटलं होतं.

"त्याले फोन करून सांगून दे गा," ती म्हणाली. "लपवून राह्याचं नाही मले इथं."

पाचव्या दिवशी मी पोचलो, तर ती चपला घालून दारातच उभी.

इकोच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पंचेचाळीस. छान आहे, मावशी. पण याहून फार वाढेलच असं नाही." फोनवर मुलानं आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाला, "आई, जड उचलायचं नाही."

"उचलाले हा हाये ना," माझ्याकडे बोट दाखवत आत्या म्हणाली.

आता ती लहान ताडपत्र्याच घेते. मोठ्या परत पाठवते, आणि पाठवताना तोंड फिरवून घेते. परवा दुपारी गेलो, तर मशीन थांबलेलं आणि आत्या छातीवर हात ठेवून गप्प बसलेली.

"काय होऊन राहिलं, आत्या?"

तिनं मला बसायची खूण केली.

"काई नाही गा. एवढी वर्सं हे आतमधी चालून राहिलं होतं. मशीनच्या आवाजात मले कधी ऐकूच नाही आलं."